मेमरीतला ग्राफ: नोड सापडत नाही, क्वेरी संपत नाही, हीप पुरत नाही? या चुका टाळा

ऑब्जेक्ट मेमरीत आहेत, एकमेकांचे रेफरन्स धरून आहेत, म्हणजे ग्राफ (नोड आणि त्यांना जोडणारे दुवे, म्हणजे एज) आयताच हाती आला असं वाटतं. काही हजार नोडपर्यंत ते खरंही असतं. पुढे मात्र शीर्षकातल्या तीन तक्रारी (हीप म्हणजे ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी) फिरून फिरून येतात, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच पाच-दहा ओळींत सापडतं. खालचे तपशील मुख्यतः जावाचे आहेत, कारण तिथले आकडे नेमके सांगता येतात. दुखणी मात्र सगळ्या भाषांत तीच.

टाकलेला नोड सापडत नाही

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे बदलणाऱ्या फील्डवर बेतलेला हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्ट कोणत्या बकेटमध्ये (खणात) जाणार हे ठरवणारा आकडा. समजा, हॅशकोडमध्ये नोडचं नाव धरलं, नोड हॅशसेटमध्ये टाकला आणि नंतर नाव बदललं. ऑब्जेक्ट जुन्या हॅशच्या बकेटमध्येच बसून राहतो, शोध मात्र नव्या हॅशने होतो. सेटवर लूप फिरवला तर नोड दिसतो, पण ‘आहे का?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’. काढायला गेलं तर निघत नाही, पुन्हा टाकला तर दोनदा दिसतो. हे लक्षण दिसलं की इतरत्र शोधत बसू नका.

इक्वल्स आणि हॅशकोड फक्त न बदलणाऱ्या आयडीवर लिहा, आणि तो आयडी ऑब्जेक्ट तयार होतानाच द्या. सेव्ह झाल्यावर डेटाबेसकडून मिळणाऱ्या आयडीवर हॅशकोड बेतला, तर तीच चूक मागच्या दाराने परत येते.

आयडीचा टाइपही सांभाळा. मॅपची की लाँग असेल आणि गेटला साधा इंट दिला, तर कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण गेटला कोणताही ऑब्जेक्ट चालतो. इंटचा इंटिजर होतो, इंटिजर आणि लाँग कधीच इक्वल नसतात, आणि हाती नल येतो. टाइप न सांगता वाचलेल्या जेसनमध्ये हे हमखास होतं: लहान आकडा इंटिजर म्हणून येतो, मोठा लाँग म्हणून. मग काही आयडी सापडतात, काही नाही, आणि संशय भलत्याच कोडवर जातो.

तिसरा प्रकार दुय्यम इंडेक्सचा, म्हणजे एखाद्या फील्डच्या मूल्यावरून नोड शोधून देणाऱ्या जादा मॅपचा. ‘स्थिती’ या फील्डवर इंडेक्स आहे आणि कुणीतरी सेटर वापरून स्थिती परस्पर बदलली. इंडेक्सला याचा पत्ताच नसतो. तो जुन्या स्थितीखालीच नोड दाखवत राहतो. स्टोअरमधून बाहेर जाणारे ऑब्जेक्ट न बदलता येणारे ठेवा आणि बदल स्टोअरच्या एकाच मेथडमधून होऊ द्या: जुन्या मूल्याखालची नोंद काढा, नवा ऑब्जेक्ट मुख्य मॅपमध्ये ठेवा, नव्या मूल्याखाली नोंद करा. तपासणीसाठी इंडेक्समधल्या नोंदी नुसत्या मोजून भागत नाही, कारण असा घोळ झाला तरी बेरीज जुळते. प्रत्येक नोंदीतल्या ऑब्जेक्टवरून की पुन्हा काढून ती इंडेक्सच्या कीशी ताडून पाहावी लागते. टेस्टमध्ये हे दर काही हजार बदलांनंतर चालवलं तरी पुरतं.

नोड काढला, एज राहिली

मुख्य मॅपमधून नोड काढला, पण शेजाऱ्यांच्या यादीत त्याचा रेफरन्स तसाच. अशाने क्वेरीत मेलेले नोड येतात आणि मेमरीही सुटत नाही. इथे गार्बेज कलेक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. एकमेकांकडे बोट दाखवणारी वर्तुळं जावाचा कलेक्टर व्यवस्थित उचलतो. पण जिवंत शेजाऱ्याने धरून ठेवलेला नोड तो उचलणार कसा?

यासाठी प्रत्येक नोडच्या बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या अशा दोन्ही एज नोंदवाव्या लागतात. काढताना आधी आत येणाऱ्या एज त्यांच्या मूळ नोडांच्या यादीतून पुसा, मग बाहेर जाणाऱ्या एज पलीकडच्या नोडांच्या यादीतून, मग इंडेक्स, आणि शेवटी मुख्य मॅप. सगळं एकाच लॉकखाली. वीकहॅशमॅप लावून हे काम टाळता येईल असं वाटतं, पण त्यात फक्त की सैल धरलेली असते, व्हॅल्यू घट्ट. ग्राफमध्ये व्हॅल्यू सहसा फिरून त्याच कीकडे बोट दाखवते, त्यामुळे काहीच सुटत नाही.

नोड आणि शेजाऱ्यांचे सेट रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या कीखाली ठेवत असाल, तर एव्हिक्शनचं (मेमरी भरल्यावर की काढून टाकण्याचं) धोरण आजच पाहा. ‘ऑलकीज-एलआरयू’ कॅशेसाठी उत्तम. ग्राफसाठी तो गुपचूप होणारा डेटालॉस आहे. बराच वेळ न वापरलेला नोड उडतो, त्याचा आयडी शेजाऱ्यांच्या सेटमध्ये लोंबकळत राहतो. ‘नोएव्हिक्शन’ ठेवलं तर मेमरी भरल्यावर नवं लिखाण एरर देतं, आणि दिसणारी एरर केव्हाही बरी. मात्र ६४ बिट सिस्टिमवर मेमरीची कमाल मर्यादा मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असते. ती स्वतः घालावी लागते. स्नॅपशॉट घेताना रेडिस प्रोसेस फोर्क करतो (तिची जुळी प्रोसेस काढतो) आणि त्या काळात लिखाण जोरात असेल तर बदललेल्या पेजच्या प्रती होतात, म्हणून मर्यादा मशीनच्या रॅमला टेकवू नका.

क्वेरी संपत नाही

बहुतेक वेळा गोंधळ प्रश्नातच असतो. ‘इथून तिथे पोहोचता येतं का?’ आणि ‘इथून तिथे जायच्या सगळ्या वाटा कोणत्या?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं काम नोड आणि एज यांच्या बेरजेइतकं. दुसऱ्याला वरची सीमाच नाही म्हटलं तरी चालेल. एक चौकट घ्या: एका नोडकडून दोन फाटे, दोन्ही पुढच्या एकाच नोडला मिळतात. अशा २० चौकटी साखळीत जोडा. नोड फक्त ६१, एज ८०, आणि पहिल्यापासून शेवटापर्यंतच्या वाटा १०,४८,५७६. यात एकही वर्तुळ नाही, हे लक्षात घ्या. ‘आमच्या डेटात सायकल नाही’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही.

सायफर या ग्राफ-क्वेरी भाषेत लांबीची मर्यादा न घालता लिहिलेला तारा (*) नेमकं हेच करतो. शेवटी डिस्टिंक्ट लावला तरी आधी वाटा तयार होऊन मग गाळल्या जाऊ शकतात. काही प्लॅनर हे ओळखून वाटा आधीच छाटतात. तुमच्या क्वेरीत छाटल्या का, हे प्रोफाइल चालवून प्लॅनमध्ये पाहा. ग्रेम्लिन या दुसऱ्या क्वेरी भाषेत डीडूप (पुन्हा आलेले नोड गाळणारी पायरी) रिपीटच्या बाहेर नाही, आत हवा. स्पार्कल या तिसऱ्या क्वेरी भाषेच्या प्रॉपर्टी पाथमधले अधिक आणि तारा मात्र फक्त पोहोच विचारतात, वाटा मोजत नाहीत, म्हणून तिथे हा स्फोट होत नाही.

हाताने बीएफएस (पातळी-पातळीने पसरत जाणारा शोध) लिहिताना नोड ‘पाहिला’ अशी खूण रांगेत टाकतानाच करा. रांगेतून काढताना केली, तर तोवर तोच नोड वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून कितीदाही रांगेत शिरलेला असतो. उत्तर बरोबर येतं, म्हणून टेस्ट पास होते; रांग मात्र नोडांच्या संख्येऐवजी एजच्या संख्येकडे फुगत जाते.

मग प्रश्न येतो सुरुवातीचा. मोजक्या नोडांशी जुळणाऱ्या टोकाकडून सुरुवात करा. टिंकरग्राफ या ग्रेम्लिन चालणाऱ्या, मेमरीतल्या ग्राफ डेटाबेसमध्ये ज्या प्रॉपर्टीवर इंडेक्स तयार केलेला नाही, तिच्यावरचा फिल्टर सगळे व्हर्टेक्स (म्हणजे नोड) चाळतो. मेमरीत आहे म्हणून हे काही दिवस लपतं, इतकंच. सायफरमध्ये एकमेकांशी न जोडलेले दोन पॅटर्न एकाच मॅचमध्ये आले की त्यांचा गुणाकार होतो: १०,००० आणि १०,००० मिळून १० कोटी ओळी. दोन्ही टोकं माहीत असतील तर दोन्हीकडून शोधा. प्रत्येक नोडला ५० शेजारी धरले तर एका बाजूने सहा पायऱ्या म्हणजे १,५६२ कोटी ५० लाख शक्यता. दोन्ही बाजूंनी तीन-तीन पायऱ्या म्हणजे अडीच लाख.

लाखभर एज असलेला एखादा सुपरनोड हा हिशोब पुन्हा बिघडवतो. शेजाऱ्यांची एकच यादी न ठेवता एजच्या प्रकारानुसार वेगळ्या याद्या ठेवल्या, तर निदान नको असलेल्या एज चाळाव्या लागत नाहीत.

क्वेरी लगेच संपते, एरर नाही, पण डेटाही बदललेला नाही? ग्रेम्लिनचा ट्रॅव्हर्सल (क्वेरीतल्या पायऱ्यांची साखळी) आळशी असतो, मागितल्याशिवाय चालत नाही. कन्सोल तो आपणहून चालवतो. प्रोग्राममध्ये शेवटी इटरेट किंवा तत्सम पायरी लागते.

रिकर्शनने डीएफएस (एक वाट शेवटपर्यंत धरून जाणारा शोध) लिहू नका. पायथनची मर्यादा मुळात १,००० कॉलची. ६४ बिट लिनक्सवर जावाच्या थ्रेडचा स्टॅक १ एमबी. लांबलचक साखळी आली की स्टॅक ओव्हरफ्लो ठरलेला. स्टॅक वाढवून मरण फक्त लांबतं. स्वतःचा स्टॅक ठेवून लूप लिहा. टूस्ट्रिंग, आपोआप तयार केलेला हॅशकोड, जेसनमध्ये रूपांतर आणि जावाचं अंगभूत सीरिअलायझेशन ही सगळी लपलेली रिकर्शनच आहेत. तिथे शेजाऱ्याचा ऑब्जेक्ट नको, आयडी लिहा.

हीप पुरत नाही

प्रत्येक नोडला शेजाऱ्यांसाठी एक हॅशसेट, ही रचना इतकी नैसर्गिक वाटते की तिचा हिशोब कुणी करत नाही. ६४ बिट हॉटस्पॉटवर (जावाच्या नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनवर) कंप्रेस्ड रेफरन्ससह हॅशसेट १६ बाइट, त्याच्या आतला हॅशमॅप ४८, १६ खणांचा टेबल ८०, आणि एका नोंदीसाठी हॅशमॅपचा स्वतःचा नोड ३२. म्हणजे एका एजसाठी १७६ बाइट, तेही शेजारी स्वतः न धरता. एक कोटी नोड, प्रत्येकी एक एज: १७६ कोटी बाइट. हाच ग्राफ दोन इंट अॅरेंत, एकात प्रत्येक नोडच्या यादीची सुरुवात आणि दुसऱ्यात सगळ्या याद्या सलग, असा ठेवला तर साधारण ८ कोटी बाइट लागतात. याला सीएसआर (कंप्रेस्ड स्पार्स रो) म्हणतात. त्यात एज मध्येच घालणं महाग पडतं, त्यामुळे लिखाण कमी आणि वाचन फार असेल तिथेच तो शोभतो. लिखाण जास्त असेल तर लहान यादीसाठी साधा इंट अॅरे आणि ठरावीक आकारापुढे सेट, हा मधला मार्ग बरा.

जावाच्या जेमॅप या साधनाने हिस्टोग्राम (प्रत्येक प्रकारच्या ऑब्जेक्टची मोजणी) काढा. हॅशमॅपचे नोड तुमच्या नोडांच्या कैक पट दिसले, तर दुखणं हेच. हीप वाढवताना ३२ जीबीची पायरी लक्षात ठेवा: ती ओलांडली की कंप्रेस्ड रेफरन्स बंद होतात, ४ बाइटचा रेफरन्स ८ चा होतो, आणि ३४ जीबीच्या हीपमध्ये ३१ जीबीपेक्षा कमी ऑब्जेक्ट मावू शकतात. नोड-जेएसमध्ये भिंत वेगळीच आहे: व्ही-८ या तिथल्या जावास्क्रिप्ट इंजिनच्या एका मॅपमध्ये १,६७,७७,२१६ पेक्षा जास्त नोंदी बसत नाहीत, रॅम कितीही असो.

एकाच वेळी वाचन आणि लिखाण

काँकरंट हॅशमॅप लावला की एक्सेप्शन थांबतात, पण त्याने ग्राफ सुसंगत होत नाही. त्याचा इटरेटर चालू असताना झालेले बदल दिसतीलच किंवा दिसणारच नाहीत, याची हमी नसते. शिवाय नोडचा मॅप आणि एजचा मॅप हे दोन वेगळे मॅप आहेत. एक बदलून दुसरा बदलायच्या मधल्या फटीत शिरलेली क्वेरी अर्धवट ग्राफ पाहते. त्यापेक्षा न बदलणारा स्नॅपशॉट आणि त्याकडे बोट दाखवणारा एक अॅटॉमिक (एका झटक्यात बदलणारा) रेफरन्स ठेवा. क्वेरीने तो रेफरन्स सुरुवातीला एकदाच वाचायचा. दर पायरीला वाचला तर तिसऱ्या पायरीवर दुसराच ग्राफ हाती येतो. आणि एखादी क्वेरी लांबली तर तिने धरलेला जुना स्नॅपशॉट तोवर सुटत नाही, नवा तर तयार झालेलाच असतो. म्हणून हीप दोन स्नॅपशॉटचा धरा आणि क्वेरीला टाइमआउट लावा.