मांडव्याच्या वाटेवर छोटी बोट: टक्कर कशी ओळखावी, कशी चुकवावी

गेटवेवरून मांडव्याकडे स्वतःची शिडाची किंवा इंजिनाची छोटी बोट नेताना न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनर जहाजं, एलिफंटाच्या लाँच, टगने (ओढकाम करणाऱ्या बोटीने) ओढलेले बार्ज (मालाचे सपाट पडाव), नौदलाच्या बोटी आणि कोळ्यांची डोल जाळी, सगळंच वाटेत येतं. यातली बहुतेक टक्कर अवचित होत नाही. होण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी ती डोळ्यांना दिसत असते, फक्त ती कशी बघायची हे माहीत हवं.

बघण्याची रीत

सुकाणू सरळ धरा, वेग बदलू नका आणि डोकं एकाच जागी ठेवा. लांबून येणारं जहाज रेलिंगच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरा आणि दोन मिनिटं बघत राहा. ते खांबापासून नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे सरकलं, तर आपल्या पुढून जाईल. पिछाडीकडे सरकलं, तर मागून. खांबाला चिकटूनच राहिलं आणि नुसतं मोठं होत गेलं, तर दोघं एकाच जागी, एकाच वेळी पोहोचणार आहात.

लाटांवर नाळ सारखी डावी-उजवी होते, मग खांबाचा अंदाज चुकतो. त्यासाठी हातात धरायचं होकायंत्र घ्या आणि दर अर्ध्या मिनिटाला जहाज किती अंशांवर दिसतं ते वाचा. चार वाचनं जवळपास सारखी आली तर धोका पक्का. मागे किनारा दिसत असेल तर आणखी सोपं आहे: जहाज मागच्या डोंगरांना झाकत पुढे सरकत असेल तर ते आपल्या पुढून जाईल. मात्र मोठं जहाज जवळ आलं की ते दिसण्याची दिशा थोडी बदलत असली तरी निर्धास्त होऊ नका. जहाज जिथून चालवतात ती उंचावरची खोली (ब्रिज) मागे सरकताना दिसते, पण तिच्या पुढे दोन-तीनशे मीटर लांब अंग असतं. नजर त्याच्या नाळेवर ठेवा.

वेळेचा हिशोब पाठ करा. 12 नॉट (तासाला 12 सागरी मैल) वेगाचं जहाज एक सागरी मैल 5 मिनिटांत कापतं. म्हणजे दोन मैलांवर दिसलं तेव्हा तुमच्या हातात 10 मिनिटं होती, आणि होकायंत्र शोधण्यात 3 गेली.

जहाजांच्या मार्गात

इथे बरेच हौशी लोक एका अर्धवट पाठ केलेल्या नियमावर अडतात: दोन इंजिनवाल्या बोटी आडव्या येत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरी असेल त्याने वाट द्यायची. नियम खरा आहे. पण 1972च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतला नववा नियम सांगतो की अरुंद मार्गात 20 मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या बोटीने, फक्त त्याच मार्गात चालू शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. जहाजाला बाजूला वळायला पुरेसं खोल पाणीच नाही, आणि थांबायला मैलभर लागू शकतो. शिवाय मोठ्या जहाजाच्या नाळेपुढे 500 मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून दिसत नसलं तरी ते नियमात बसतं. त्या पट्ट्यात तुम्ही असलात तर त्यांच्या लेखी तुम्ही नाहीच.

म्हणून मार्गाच्या कडा दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या रांगेबाहेर थांबा. भारतात समुद्रातून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला असतात. रांगेबाहेर जहाजाला पाणी कमी पडतं, तुम्हाला पुरेसं असतं. दोन्हीकडे नजर टाका, आणि मार्ग मोकळा असेल तेव्हाच नाळ काटकोनात ठेवून पार व्हा. मार्ग 400 मीटर रुंद धरला तर 5 नॉटला अडीच मिनिटांहून थोडं जास्त लागतं. भरती-ओहोटी बाजूला ढकलेल, ढकलू द्या. ओढ काटायला तिरकं गेलात तर मार्गातला वेळ वाढतो.

वाट द्यायची ठरली की लवकर द्या आणि ठळक द्या. पाच-पाच अंश वळणं समोरच्याला दिसत नाहीत, रात्री तर मुळीच नाही. एकदाच 40-60 अंश वळा आणि नाळ जहाजाच्या पिछाडीवर रोखा, नाहीतर सरळ थांबा. पुढून निसटायचा मोह सोडा. तिथेच इंजिन बंद पडतं.

बरोबरीच्या बोटी

समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. मागून ओलांडणाऱ्याने बाजूने जायचं, मग तो शिडावर असो वा इंजिनावर. दोन शिडाच्या बोटींत डाव्या बाजूने वारा घेणारी वाट देते. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल तर वारा येतो त्या बाजूची बोट देते. शीड वर असूनही इंजिनाने चालत असाल तर तुम्ही इंजिनाची बोट धरले जाता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

वाट दुसऱ्याने द्यायची असेल तर दिशा आणि वेग तसाच ठेवा. तो हलत नसेल तर भोंग्याचे निदान पाच छोटे, भराभर आवाज द्या: तुझं काय चाललंय ते कळत नाही, असा त्याचा अर्थ. तरीही आला तर वळा, पण तो डावीकडून येत असेल तर डावीकडे वळू नका.

वेगवान बोटींना खांबाची रीत पुरत नाही, कारण त्या क्षणात दिशा बदलतात. 18 डिसेंबर 2024 रोजी एलिफंटाकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसं गेली. अशा बोटी दिसल्या की अंतर वाढवा. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवायची वस्तू नाही, धक्क्यावरच सगळ्यांच्या अंगावर बांधा, पट्टे ओढून बघा. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर बसवलेलं) इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मांडीला अडकलेली हवी.

टग, नांगर, जाळी

टग आणि त्याच्या मागचा बार्ज यांच्या मधून कधीही जाऊ नका, मधला दोर पाण्याखाली असतो. रात्री टगच्या डोलकाठीवर एकाखाली एक दोन किंवा तीन पांढरे दिवे दिसतात. नांगरलेल्या जहाजाच्या पिछाडीकडून जा. पुढून जाताना इंजिन थांबलं तर ओढ तुम्हाला साखळीवर नेऊन आपटते.

डोल जाळी खुंटांना बांधून ओढीत लावलेली असते. बोये, फ्लोट, झेंडे दिसले की लांबून वळसा घ्या, ती कोळ्यांची रोजी आहे. पंख्यात जाळं अडकलंच तर इंजिन लगेच बंद करा, नांगर टाका आणि मगच सोडवायला घ्या.

रात्री लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले तर ती बोट सरळ तुमच्यावर येते आहे. नुसता लाल म्हणजे तिची डावी बाजू, नुसता हिरवा म्हणजे उजवी. मुंबईच्या झगमगाटात हे दिवे हरवतात, म्हणून शहराकडे बघताना न हलणाऱ्या दिव्यांमध्ये हलणारा दिवा शोधा. तुमची बोट 12 मीटरपेक्षा लहान असेल तर इंजिनावर चालताना चहूकडून दिसणारा एक पांढरा आणि बाजूचे लाल-हिरवे दिवे लावा.

निघताना तेलाचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. हातातला व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16वर चालू ठेवा. टक्कर झालीच तर आधी माणसं मोजा, मग 16वर तीनदा मेडे (संकटाची हाक) म्हणून बोटीचं नाव, जागा, काय झालं आणि किती जण आहेत एवढंच सांगा. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.