श्टुटगार्टला नवीन आलात आणि करिअर सरळ रेषेत नाहीये? मग हे वाचा

दर ऑक्टोबरला इथे मराठी मुलामुलींची नवीन तुकडी येते, कुणी मास्टर्सला, कुणी ब्लू कार्डवर म्हणजे जर्मनीत कुशल नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, आणि दिवाळीच्या फराळाला भेटले की दहातले तीन-चार जण तरी कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतात, दादा, माझा सीव्ही जरा विचित्र आहे, आधी सपोर्टला होतो मग दोन वर्षं काकांच्या दुकानात होतो मग टेस्टिंग, इथे चालेल का? तर एकदाच सगळं नीट लिहून काढतो, कारण माझा सीव्ही तुमच्या कुणाच्याही सीव्हीपेक्षा जास्त वळणांचा आहे आणि मी इथे २००६ पासून आहे.

आधी माझं थोडक्यात. मिरजेला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग वर्षभर टीव्ही रिपेरिंगचं दुकान आणि त्यासोबतच सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानासाठी व्हिज्युअल बेसिकमध्ये पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब काढायचा प्रोग्रॅम, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, मग पुण्यात टेस्टिंग, मग इथे मास्टर्स, डिग्री हातात आली ती २००९ ला म्हणजे ऐन मंदीत, गाड्यांच्या कंपन्यांत कुर्त्सआर्बाइट चालू, म्हणजे लोकांना कमी तास बोलवायचे आणि पगाराचा काही भाग सरकार भरून देणार, तिथे नवीन माणूस कोण घेणार. मग वर्षभर गोदामात पार्सलं लावली, जेवढी परवानगी होती तेवढे दिवस. मग पॅकेजिंग मशीनचं सॉफ्टवेअर, मग गाड्यांचे कंट्रोल युनिट, मग दोन वर्षं स्वतःचं काम, करोनात ते थांबलं, आता हॉस्पिटलच्या लॅबचं सॉफ्टवेअर. डेव्हलपर हा शब्द या सगळ्यात कॉमन आहे, बाकी काही नाही.

इथे वळणं चालतात, कागद नसलेली वळणं चालत नाहीत. इथल्या सीव्हीला लेबेन्सलाउफ म्हणतात, म्हणजे आयुष्याचा प्रवास, आणि तो सलग असावा अशी अपेक्षा असते. महिना आणि वर्ष लिहायचं, नुसतं वर्ष लिहून सहा महिने गिळून टाकले की इंटरव्ह्यूला नेमकं तेच विचारतात. गॅप असेल तर गॅप लिहा, आईच्या आजारपणासाठी घरी होतो असं सरळ लिहिलेलं मी इथे सहज स्वीकारलं गेलेलं पाहिलंय. लपवलेलं मात्र अजिबात आवडत नाही.

आता कागदांमधला सगळ्यात मोठा कागद, आर्बाइट्सत्सोयग्निस, म्हणजे नोकरीचं प्रमाणपत्र. नोकरी सोडताना हा मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे आणि तो आपल्याकडच्या एक्स्पिरियन्स लेटरसारखा चार ओळींचा नसतो, त्यात काय काम केलं, कसं केलं, सहकाऱ्यांशी कसे वागलात हे सगळं येतं. त्याची भाषा वरून गोड असते आणि आतून मार्क दिलेले असतात. माझा पहिला त्सोयग्निस आला तेव्हा मी खूश होतो, डिक्शनरी घेऊन वाचला, लिहिलं होतं की यांनी काम आमच्या पूर्ण समाधानाने केलं. अजून काय पाहिजे? आमच्या जिन्यात खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, आयुष्यभर एका ऑफिसात पर्सोनालला म्हणजे एचआरला होत्या, त्या आठवड्याला माझी केरवोखे होती, म्हणजे जिना आणि दारासमोरचा भाग झाडायची पाळी (ही श्वाबी म्हणजे इथल्या स्थानिक लोकांची फार जिव्हाळ्याची गोष्ट आहे, पाळी चुकवू नका), झाडताना त्यांच्याशी बोलणं झालं आणि मी कौतुकाने तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी मला किचनमध्ये बसवलं, पेन्सिल घेतली आणि एका ओळीखाली रेघ मारली. म्हणाल्या, इथे ‘श्टेट्स’ नाहीये. श्टेट्स म्हणजे नेहमी. ‘नेहमी आमच्या पूर्ण समाधानाने’ म्हणजे चांगला, त्यातच ‘फोल्स्टन’ म्हणजे पूर्णच्याही वरचं रूप आलं तर उत्तम, आणि नुसतं ‘पूर्ण समाधानाने’ म्हणजे बरा, मधल्यात मधला. आणि ‘प्रयत्न करत होते’ असं कुठे दिसलं तर समजायचं की नापास. तीन वर्षांची मेहनत आणि एका शब्दाने मी मधल्या रांगेत बसलो होतो. आजींनीच मला विनंतीचं पत्र लिहून दिलं, दोन आठवड्यांत सुधारलेला त्सोयग्निस घरी आला. म्हणून सांगतो, मिळाल्या दिवशी वाचा, जर्मन माणसाकडून वाचून घ्या, आणि बॉस बदलत असेल तर मधला त्सोयग्निस मागून ठेवा, त्याला त्स्विशनत्सोयग्निस म्हणतात, मागण्यात काही गैर नाही.

भारतातल्या नोकऱ्यांचंही तेच, लहान मोठी प्रत्येक, कागद मागून ठेवा. आणि का ते सांगायला मला हळदीकडे जावं लागेल.

त्या अडत दुकानात प्रोग्रॅम लिहिला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. शेतकऱ्याची हळद येते, पोत्यापोत्याने वजन होतं, सौद्यात दर निघतो, त्यातून हमाली, तोलाई असं वजा होऊन पट्टी होते आणि ती शेतकऱ्याच्या हातात जाते. मी प्रत्येक पोत्याची रक्कम रुपयात राउंड करून मग बेरीज करत होतो, दिसायला छान दिसायचं. दुकानाचे दिवाणजी, धोतर-टोपीवाले, कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, त्यांनी अडतीस पोत्यांची पट्टी बोटांच्या पेरांवर मोजली आणि म्हणाले, बाळ, शेतकऱ्याचे चार रुपये कुठं गेले? मी दोन रात्री शोधत होतो. आधी बेरीज, राउंड सगळ्यात शेवटी, एवढंच होतं. पण चार रुपयांसाठी त्यांनी पट्टी द्यायची थांबवली होती हे मी विसरलो नाही.

दहा वर्षांनी वाइब्लिंगेनकडच्या बाजूला एका मशीन कंपनीत इंटरव्ह्यू. वाइब्लिंगेनपासून पुढे श्वेबिश हाल, क्राइल्सहाइम या पट्ट्यात पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत, तिकडच्या भागाला पॅकेजिंग व्हॅलीच म्हणतात, आणि आपली मुलं फक्त गाड्यांच्या कंपन्यांकडे बघतात म्हणून मुद्दाम सांगतोय. तर तिथल्या म्हाताऱ्या इंजिनिअरने सीव्हीवर बोट ठेवून विचारलं, हे हळदीचं काय आहे? मी सांगितलं, पोती, वजन, चार रुपये, सगळं, मोडक्या जर्मनमध्ये. त्याने मला बाहेर हॉलमध्ये नेलं, एक फिलिंग मशीन दाखवलं, पाकिटं भरणारं, म्हणाला शिफ्टच्या शेवटी पाकिटांची बेरीज आणि टाकीतून गेलेला माल जुळत नाही, तुला काय वाटतं? स्क्रीनवर पाकिटाचं वजन राउंड होऊन दिसत होतं आणि बेरीज स्क्रीनवरच्याच आकड्यांची चालू होती. नोकरी मिळाली. त्या दुकानाचं पत्र माझ्याकडे नव्हतं, त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, पण पुढच्या प्रत्येक ठिकाणी माणूस तसा भेटेलच असं नाही.

आता नोकरी बदलण्याबद्दल, कारण वळणं घ्यायची तर नियम माहीत पाहिजेत. पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेत्साइट म्हणजे प्रोबेशन असते, त्यात दोन्ही बाजूंनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर संपवता येतं, म्हणून त्या काळात मोठं कर्ज, मोठं घर असलं काही अंगावर घेऊ नका. नंतर नोटीस बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन महिन्यांची असते, नवीन कंपनीला हे माहीत असतं, थांबतात. ब्लू कार्डवर पहिल्या बारा महिन्यांत कंपनी बदलायची असेल तर परदेशी लोकांच्या ऑफिसला म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला कळवावं लागतं आणि ते तपासून अडवूही शकतात, बारा महिन्यांनंतर तेवढं बंधन राहत नाही. आम्ही आलो तेव्हा ब्लू कार्ड नव्हतंच, ते २०१२ ला आलं, त्याआधी परवानगी त्या त्या नोकरीला बांधलेली असायची. तुमच्याकडे जास्त मोकळीक आहे, ती वापरा. आणि ज्यांची डिग्रीच नाहीये, नुसता अनुभव आहे, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून आयटीत गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा योग्य पातळीचा अनुभव असेल तरी ब्लू कार्डचा रस्ता आहे, पगाराची अट असतेच. तिथेही अनुभव सिद्ध करायचा तो कागदावरच.

नोकरी गेली तर, आणि माझी दोनदा गेलीये, पहिली गोष्ट म्हणजे त्या खोलीत बसून काहीही सही करू नका. ‘आउफहेबुंग्सफरट्राग’ नावाचा कागद पुढे करतात, आपसात मिटवून सोडण्याचा, थोडे पैसे पण देतात, पण तो घेतला तर बेकारभत्ता बारा आठवड्यांपर्यंत अडकू शकतो. घरी न्या, वकिलाला दाखवा. कंपनीने काढलं आणि ते चुकीचं वाटत असेल तर कोर्टात जायला फक्त तीन आठवडे असतात. आर्बाइट्सआगेंटुरला म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाला लगेच कळवायचं, नोकरी संपायला तीन महिन्यांपेक्षा कमी असतील तर कळल्यापासून तीन दिवसांत, ऑनलाइन होतं. गेल्या अडीच वर्षांत बारा महिने बेकारी विम्याचे हप्ते भरले असतील तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता, मूल असेल तर ६७. हे भीक नाहीये, तुमच्याच पगारातून दर महिन्याला कापलेलं आहे, घ्यायला लाजू नका, माझ्या ओळखीच्या एका मुलाने लाजेपोटी दोन महिने कुणाला सांगितलं नाही आणि नुकसान करून घेतलं. व्हिसाच्या ऑफिसलाही, म्हणजे त्याच आउसलेंडरबेहोर्डेला, दोन आठवड्यांत कळवायचं असतं.

आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, बँक, इन्शुरन्स हे सगळं तुमच्या ग्रुपवर शंभरदा लिहिलेलं असतं, घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, एवढं लक्षात ठेवा.

भाषेचं मात्र लिहायलाच पाहिजे. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये इंग्रजीवर निघून जाईल, इथे श्वाबेनमध्ये म्हणजे श्टुटगार्टच्या या भागात मशीनवाल्या, हॉस्पिटलवाल्या ठिकाणी नाही निघत. ब्लू कार्डवर जर्मनची ए वन म्हणजे अगदी पहिली पातळी असेल तर २७ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, बी वन असेल तर २१, पण सहा महिन्यांसाठी नका शिकू, काम बदलता यावं म्हणून शिका. लॅबमध्ये मला नर्सेस आणि टेक्निशियन लोकांशी बोलून सॉफ्टवेअर करायचं असतं, त्यांची तक्रार त्यांच्या भाषेत ऐकल्याशिवाय मला काहीच बनवता येणार नाही. पुण्यात असाल तोवर मॅक्स म्युलर भवनला जितकं होईल तितकं करून या. इथे आल्यावर बाडेन व्युर्टेम्बर्गमध्ये वर्षाला पाच दिवस शिकण्यासाठी भरपगारी रजा मिळते, बिल्डुंग्सत्साइट, नोकरीला वर्ष झालं की मागता येते, आपले लोक ती मागतच नाहीत.

स्वतःचं काम सुरू करायची घाई ब्लू कार्डवर करू नका, ते नोकरीसाठी आहे. मी कायमचा परवाना आल्यावरच सुरू केलं, म्हणून करोनात कामं बंद पडली तेव्हा निदान देशात राहायची चिंता नव्हती.

आणि कागदांचं शेवटचं. २०१४ ला गावी गेलो तेव्हा मार्केट यार्डात गेलो होतो. दिवाणजी थकले होते पण दुकानात येऊन बसायचे. मालकांच्या मुलीने इंग्रजीत पत्र टाइप केलं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय काम केलं, दुकानाच्या लेटरहेडवर, आणि सही दिवाणजींनी केली, मोडीसारख्या वळणाची. माझ्या फाईलीत सगळ्यात खाली तेच आहे आणि लॅबच्या इंटरव्ह्यूला त्यावरच सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं. तुमचं असं एखादं दुकान, क्लास, छोटी कंपनी राहिली असेल तर निघायच्या आधीच जाऊन या, निघून आला असाल तर पुढच्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात, शेवटच्या आठवड्यात शिक्का मारणारा माणूस नेमका लग्नाला गेलेला असतो.