आरोग्य पथक शाळेत येण्याआधी आणि गेल्यावर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं: दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि आरोग्यसेविका. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे. अठरा वर्षांपर्यंत तपासणी मोफत, आणि कार्यक्रमात बसणारा आजार निघाला तर उपचारही मोफत. तरीही मूल बरं होतं की नाही, हे बरंचसं शाळेच्या तयारीवर आणि पाठपुराव्यावर ठरतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत तारीख दिवाळीआधीची मागा. नंतर निम्म्या पालकांचे फोनही लागत नाहीत. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी पथकाकडे द्याच, नाहीतर ती मुलं वर्षभर सुटतात.

नजरेची प्राथमिक तपासणी शिक्षकांनी आधीच करून ठेवावी. वर्ग लहान असेल तर व्हरांडा वापरा. टेपने मोजून सहा मीटरवर खडूची रेघ मारा, तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड तक्त्यावर. रांग बाहेर ठेवा, कारण थांबलेली मुलं ओळी पाठ करतात. डोळा बोटांनी नव्हे, तळव्याची ओंजळ करून झाकायचा. बोटांच्या फटीतून मूल नकळत बघतं आणि अधू डोळा निसटतो. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा. एकच डोळा अधू असलेलं मूल कधी तक्रार करत नाही, त्याला जग तसंच दिसत आलेलं असतं. तक्त्यावर ६/९ लिहिलेली ओळ एका जरी डोळ्याने वाचता आली नाही, तर नाव यादीत घ्या.

मुलींच्या तपासणीसाठी दार लागणारी खोली आणि महिला डॉक्टर हवीच. पडदा नसेल तर चादर बांधा.

लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, वार ठरवून: पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहापासून पुढे निळी. ती शालेय पोषण आहारानंतर, समोर उभं राहून गिळायला लावा. उपाशीपोटी मळमळतं, आणि एकाला उलटी झाली की पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग नको म्हणतो. शौचाला काळी होते, हे पालकांना आधीच सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, संदर्भ चिठ्ठी, म्हणजे मुलाला पुढच्या तपासणीसाठी रुग्णालयात पाठवण्याची पथकाची चिठ्ठी. ती दप्तरात घालून पाठवली की हरवते. पालकांना बोलावून हातात द्या. कुठे जायचं, कोणत्या वारी, सोबत आधार आणि शिधापत्रिका, हे तोंडी सांगा. पालकांची एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून जाणं टळतं, त्यामुळे चार-पाच मुलांना एकाच दिवशी पाठवा. वाहनाचं पथकाला विचारा, आशाताईंना सोबत घ्या. वहीत ‘पाठवलं’, ‘पोचलं’ आणि ‘उपचार झाला’ असे तीन वेगळे रकाने आखा. पंधरा दिवसांनी दुसरा रकाना रिकामा दिसला तर घरी जा. हृदयाचा आवाज संशयास्पद असलेलं मूल मात्र पंधरा दिवस थांबवू नका, त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात पोचलं पाहिजे.

चष्मा आल्यावरही पहिले काही आठवडे लक्ष ठेवा. चिडवतात म्हणून मुलं तो दप्तरातच ठेवतात.