कानबाईला सुट्टी टाकताय? आधी मेलचा ऑटो रिप्लाय नीट लावा (नवीन लागलेल्यांसाठी)

जळगाव एमआयडीसीत दरवर्षी नवीन पोरं-पोरी जॉइन होतात, कोणी बांभोरीहून, कोणी शिरपूर-धुळ्याकडून. एक्सेल येतं, टॅली येतं, पण सुट्टीवर जाताना मेलला आउट ऑफ ऑफिस (मी सुट्टीवर आहे असं आपोआप जाणारं उत्तर) लावून जायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. मी डिस्पॅच आणि कस्टमर कोऑर्डिनेशन बघतो, म्हणजे सुट्टीवर गेलेल्या माणसाचे मेल शेवटी ज्याच्या गळ्यात येतात तो मीच. त्यामुळे लिहून टाकतोय.

आपली सुट्टी बाहेरच्याला माहीत नसते, सगळा घोळ इथून सुरू होतो. दिवाळी सगळ्यांना कळते हो, पण आपल्या खान्देशातला कानबाईचा सण? कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन, त्यात रोटांना (कानबाईच्या प्रसादाला) सगळे भाऊबंद जमले की मंगळवारीही ऑफिसला यायची इच्छा नसते, आणि पुण्याच्या नाहीतर जर्मनीच्या परचेसवाल्यासाठी तो साधा सोमवार असतो, तो पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवून उत्तराची वाट बघत बसतो. आखाजीचंही (अक्षय्य तृतीया) तेच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "उद्या नाही" टाकलं म्हणजे साहेबाला कळलं, कस्टमरला नाही.

आता लावायचं कसं. आउटलुकमध्ये फाइलमध्ये जाऊन ऑटोमॅटिक रिप्लाईज, तारीख-वेळ टाकायची, झालं. पण तिथे कंपनीच्या आतल्यांसाठी वेगळा मेसेज आणि बाहेरच्यांसाठी वेगळा असतो, आणि वेबवरच्या आउटलुकमध्ये बाहेरच्यांना पाठवायची टिक वेगळी करावी लागते. बरेच नवीन लोक फक्त आतला मेसेज भरतात आणि खुश. गंमत म्हणजे आतल्यांना त्याची गरज सगळ्यात कमी, कारण आउटलुक त्यांना मेल पाठवायच्या आधीच वर पट्टीत दाखवतं की हा माणूस सुट्टीवर आहे.

जीमेलवाल्या कंपनीत सेटिंग्जच्या जनरल टॅबमध्ये एकदम तळाशी व्हेकेशन रिस्पॉन्डर आहे. टाकलेल्या पहिल्या तारखेला, दिवस लागतानाच्या रात्री १२ ला सुरू होतो, शेवटच्या तारखेला रात्री ११:५९ ला बंद. म्हणून शेवटची तारीख म्हणजे सुट्टीचा शेवटचा दिवस टाका, जॉइन व्हायचा नाही. जीमेल एकाच माणसाला साधारण चार दिवसांतून एकदाच उत्तर देतं, आउटलुक तर त्या पूर्ण सुट्टीत एकदाच. त्यामुळे कस्टमरने दहा मेल टाकले तरी त्याला दहा उत्तरं जात नाहीत, घाबरू नका.

खरी अडचण छोट्या कंपन्यांत, डाळ मिल, चटई, पाइपवाले वगैरे, जिथे डोमेन स्वतःचं पण मेल स्वस्तातल्या होस्टिंगवर. तिथे आउटलुकमध्ये पॉप नाहीतर आयमॅपने (सर्व्हरवरून मेल आणायच्या साध्या पद्धती) अकाउंट जोडलेलं असतं आणि ऑटोमॅटिक रिप्लाईजचं बटणच दिसत नाही. मग कोणीतरी सांगतं टेम्प्लेट (तयार मेसेज) बनव आणि रूल (मेल आला की तो मेसेज पाठव असा नियम) लाव. तो रूल चालतो, पण कॉम्प्युटर आणि आउटलुक दोन्ही चालू असेपर्यंतच, आणि आपण तर जाताना पीसी बंद करतो, शिवाय लाइट गेली की संपलंच. त्यापेक्षा होस्टिंगवाल्याला फोन करा. सीपॅनेल (होस्टिंगची सेटिंग्ज करायचं पान) असेल तर त्यात ऑटोरिस्पॉन्डर असतो, तो सर्व्हरवरून चालतो. त्यात इंटरव्हल, म्हणजे एकाच माणसाला परत उत्तर जायच्या आधी किती थांबायचं ते, तासांत भरायचा असतो, तो मात्र विचार करून भरा.

मेसेजमध्ये काय लिहायचं? "लिमिटेड अॅक्सेस टु ईमेल" हे सगळे लिहितात आणि त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्यात, परत कधी येणार आणि तोपर्यंत कोणाला विचारू. महिना अक्षरात लिहा, कारण ०८/०९ आपल्याला ८ सप्टेंबर आणि अमेरिकेवाल्याला ९ ऑगस्ट. कारण लिहू नका, कानबाई आहे की लग्न की दवाखाना, बाहेरच्याला काय करायचंय.

आणि ज्याचं नाव देताय त्याला आधी विचारा भो! एके ठिकाणी बघितलंय, रावेरच्या पोराने यावलच्या पोराचं नाव टाकलं, यावलच्याने रावेरच्याचं, आणि कानबाई दोघांच्याही घरी. कस्टमर इकडून तिकडे, तिकडून इकडे. म्हणून बॅकअप असा बघा ज्याच्याकडे त्या दिवशी कानबाई नाही, आमच्याकडे ते काम विदर्भातल्या एका ताईंकडे असतं आणि त्या बदल्यात त्यांना पोळ्याला हक्काची सुट्टी मिळते. बॅकअपला चालू ऑर्डरी, गाडी कुठपर्यंत आली, पेमेंट कुठे अडकलंय हे चार ओळीत लिहून द्या, नाहीतर नुसतं नाव देऊन तो बिचारा काय सांगणार.

बाहेरच्या मेसेजमध्ये सहकाऱ्याचा पर्सनल मोबाईल आणि साहेबाचं पद-बिद घालू नका. स्पॅमवाल्यालाही तुमचं उत्तर जाऊ शकतं, त्याला कळतं की आयडी चालू आहे आणि माणूस अमुक तारखेपर्यंत नाही. मग तुमच्या नावाने अकाउंट्सला मेल येतो की पार्टीचा बँक खाते नंबर बदललाय. अकाउंट्सवाल्यांना सांगून जा, मी नसताना माझ्या नावाने असं काही आलं तर फोन केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

दोन ऑटो रिप्लाय एकमेकांना उत्तरं देत बसतील का, हे नवीन लोक हमखास विचारतात. चांगल्या सिस्टीममध्ये नाही. २००४ पासून यासाठी आरएफसी ३८३४ नावाचे नियम आहेत, ऑटो रिप्लायवर तशी खूण लावायची आणि अशी खूण असलेल्या मेलला परत उत्तर द्यायचं नाही. आपण हाताने बनवलेल्या रूलला हे कळेलच असं नाही, त्या टेम्प्लेटच्या भानगडीत पडू नका म्हणतो ते यासाठीपण.

जायच्या आदल्या दिवशी चालू करून स्वतःच्या पर्सनल आयडीवरून एक मेल टाकून बघा. मेसेज बदलून परत टेस्ट करायची असेल तर आउटलुकमध्ये आधी बंद करून मग चालू करा, नाहीतर दुसऱ्यांदा उत्तर येणार नाही आणि वाटेल बिघडलं. तारीख टाकली असेल तर आपोआप बंद होतं, नसेल टाकली तर आल्या आल्या हाताने बंद करायचं, जीमेलमध्ये वरच पट्टी दिसते, त्यात एंड नाऊ दाबा.