प्रवाळांच्या टाकीसाठी स्वस्त दिवा घेताना या चुका टाळा

घरी प्रवाळांची टाकी मांडणारे बहुतेक जण आधी दिवा घेतात आणि त्याखाली कोणते जीव ठेवायचे हे नंतर ठरवतात. मर्यादित पैशांत हे काम करायचे असेल, तर हा क्रम उलटा असला पाहिजे. प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. मात्र प्रत्येक जातीची गरज वेगळी असते. शैवालांच्या उपयोगी पडणारा प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात. मशरूम, झोअँथिड, लेदर यांसारख्या मऊ अंगाच्या जातींना साधारण ५० ते १०० पार पुरतो, तर ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतो.

गुजरातेत राहणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कठीण प्रवाळांना आणि समुद्रपंख्यांना (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. जामनगरकडून ‘जिवंत तुकडा’ आणून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला तिथेच नकार द्यावा. मऊ जातींपुरते थांबणे यामुळे सोयीचे ठरते आणि दिव्यावरचा खर्चही आटोक्यात राहतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वॅटवर विसंबणे. वॅट ही दिवा किती वीज खातो याची मोजणी आहे, प्रकाशाची नव्हे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या काळ्या पेटीच्या दिव्यावर १६५ वॅट लिहिलेले असते, कारण त्यात तीन-तीन वॅटचे ५५ एलईडी असतात. प्रत्यक्षात ते पूर्ण क्षमतेने चालवले जात नाहीत आणि विजेचा वापर छापील आकड्यापेक्षा बराच कमी भरतो. तरीही ६० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत मऊ जातींसाठी असा एक दिवा भरपूर होतो. ल्युमेनचा आकडाही फसवा आहे, कारण ते माप माणसाच्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वाधिक तेजस्वी दिसतो या आधारावर ठरवलेले आहे, तर प्रवाळातील शैवालांना प्रामुख्याने निळा प्रकाश हवा असतो. ल्युमेनवरच आधारलेले लक्स हे माप मोजणारे मोबाइलवरचे ॲप याच कारणाने निळ्या दिव्याखाली फारच कमी आकडा दाखवते. मात्र तोच दिवा दोन वेगवेगळ्या उंचींवर टांगून तुलना करायची असेल, तर ते कामाला येते.

रंगाच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. रोपांसाठीचा जांभळट दिवा स्वस्त असतो, पण त्यात लाल प्रकाश जास्त असतो, आणि समुद्रात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. निळा भाग ४४० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास असलेला दिवा पाहावा. याउलट ६५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) साधा पांढरा फ्लडलाइट सरसकट टाकाऊ मानू नये. पांढरा एलईडी मुळात निळ्या चिपवर पिवळा लेप देऊन बनवलेला असतो, त्यामुळे त्यात निळा प्रकाश असतोच. टाकी पिवळट दिसते एवढेच. जोडीला निळी पट्टी लावली की तेही निभावते. विक्रेत्यांची झगमगती छायाचित्रे बहुधा फक्त निळ्या प्रकाशात घेतलेली असतात, ती पाहून निर्णय घेऊ नये.

दिवा पाण्याच्या अगदी जवळ बसवल्यास मधोमध प्रखर ठिपका पडतो आणि कडा अंधारात राहतात. अरुंद भिंगाचा दिवा किमान ३० सेंटिमीटर वर टांगावा.

नवा दिवा आल्या दिवशीच पूर्ण क्षमतेने लावणे ही नेहमीची चूक. तीस-चाळीस टक्क्यांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे. तेज कमी करण्याची सोय नसेल, तर दिवा अधिक उंच टांगावा किंवा मध्ये पांढऱ्या जाळीचे पदर लावून ते एकेक करून काढावेत. झोअँथिडचे देठ लांबून वर ताणले जात असतील, तर बहुधा प्रकाश कमी पडतो आहे. प्रकाशाकडची वरची बाजूच तेवढी पांढरी पडत असेल, तर तो जास्त आहे. सर्वांग फिके होत असेल, तर आधी तापमान आणि क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) तपासावी. शेवाळ माजले की दिव्यालाच दोष दिला जातो. पण टाकीत नळाचे पाणी वापरले असेल, तर प्रथम त्यातील शेवाळाचे खाद्य ठरणारे नायट्रेट आणि फॉस्फेट मोजावे व यापुढे आरओचे पाणी वापरावे.

बडोद्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, दिव्याची वेळही बदलावी. रोज आठ ते दहा तास प्रकाश पुरेसा असतो. तो दुपारऐवजी संध्याकाळी चारपासून मध्यरात्रीपर्यंत ठेवल्यास दिव्याची उष्णता दिवसाच्या उष्णतेत मिसळत नाही. टाकी झाकून टाकणारे लाकडी झाकण टाळावे. पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, मात्र क्षारता वाढते, म्हणून उडालेले पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढावे. काट्याचा टायमर वीज गेली की मागे पडतो. बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग असला तरी तोच घ्यावा. दिव्याची वायर प्लगच्या पातळीखाली वळसा घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता त्या वळशावरून खाली गळते.