आधी जाळं, मग जेसीबी: तळं उपसताना मासे वाचवायचे असतील तर

वैशाखात मराठवाड्यातली तळी दोन तऱ्हेने रिकामी होतात. काही आपसूक आटतात, काही आपण उपसतो. 2017 पासून सरकारच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ काढायची घाई वाढली आहे. रोहिणी निघायच्या आत गाळ शेतात पडायला हवा, म्हणून पाणी उपसणाऱ्या मोटारी रात्रंदिवस चालतात. गाळ उचलायला विरोध नाहीच, मी स्वतः वरच्या तुकड्यात गाळ टाकला आहे. पण तळ्यात मासे आहेत हे बहुतेकांना शेवटच्या फुटात आठवतं, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

सरळ सांगायचं तर मासा पाणी कमी झालं म्हणून मरत नाही, घुसमटून मरतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅम विरघळतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. कटला, रोहू, मृगळ यांना 5 मिलिग्रॅम असला की बरं चालतं, 3 च्या खाली गेला की ते वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. वरून ऊन, खाली काळा गाळ, आणि मधे तेवढ्याच पाण्यात दाटलेले दसपट मासे. त्यात दोघेजण उतरले आणि गाळ ढवळला गेला की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वायू माशांना विषच आहे.

म्हणून मासे काढायचे ते पाणी कमरेएवढं असताना. गुडघ्यापर्यंत उतरलं की उशीर झाला समजा.

त्याआधी एक चौकशी. तळ्याचा मासेमारीचा ठेका एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे का? असेल तर मासे त्यांचे, आणि त्यांना आठ दिवस आधी कळवणं तुमच्यावर आलं. भोई मंडळींकडे ओढजाळं असतं, माणसं असतात आणि पाण्यात कुठे पाय टाकायचा याचा अंदाज असतो. गावातली पोरं उत्साहाने उतरतात, पण मासा शेपटीला धरून उचलतात आणि खवले घासून काढतात. तसा मासा त्या दिवशी जगला तरी चार दिवसांनी अंगावर पांढरी बुरशी येऊन जातो. कल्ल्यात अडकणारं जाळंही जिवंत माशासाठी नको. बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं ओढजाळं हवं, गाठी नसलेलं मिळालं तर उत्तम.

आता वेळ. सगळे पहाट धरतात, कारण गारवा असतो. पण तळ्यातलं शेवाळ आणि हिरवळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्रभर तो ओढून घेते, म्हणून पाण्यात तो सगळ्यात कमी असतो तो नेमका दिवस उगवायच्या आधी. आभाळ भरून आलेल्या दिवसानंतरची पहाट तर सर्वात वाईट. अवकाळीचं ढग असेल तर त्या दिवशी जाळं ओढूच नका, एक दिवस थांबा. एरवी असं करा: मध्यरात्रीनंतर डिझेल इंजिनने तळ्यातलंच पाणी उचलून एखाद्या पत्र्यावर आपटत परत तळ्यात सोडायचं. पाणी जितकं फुटेल तितका प्राणवायू मिसळेल. मग सूर्य वर आला की, साधारण साडेसहा ते साडेनऊ, जाळं ओढायचं. दहानंतर मराठवाड्याच्या मे महिन्यात काहीही करू नये, मासा तर सोडाच, माणसानेही.

विजेची मोटार पाण्यात किंवा काठावर असेल तर माणूस उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हभोवती, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडाभोवती बारीक जाळी बांधा, नाहीतर बोटभर पिल्लं पाइपातून निघून पाण्याच्या चाऱ्यांत वाळतात. तळ्याच्या सगळ्यात खोल जागी एक खोल खड्डा आधीच मोकळा ठेवा. पाणी उतरताना मासा आपोआप तिथे जमतो आणि जाळ्याचे दोन-तीन फेरे पुरतात.

मासे न्यायचे कसे? दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री टाकली, पाणी भरलं आणि त्यात मासे ओतले. अंतर जेमतेम सहा किलोमीटर, निघालो अकराला. शेततळ्यावर ताडपत्री उघडली तेव्हा पाणी दुधासारखं फेसाळलेलं होतं. वरचे मासे उलटे, आणि एका कटल्याचं कल्लं उचलून पाहिलं तर लाल असायचं ते विटकरी-तपकिरी पडलेलं. त्या दिवसापासून मी माशांना आदल्या दिवशी खायला घालत नाही. पोट रिकामं असलं की वाहतुकीत पाणी खराब होत नाही. शक्य असेल तर पकडल्यावर त्यांना काही तास काठालगत स्वच्छ पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो. पोट तिथेच रिकामं होतं.

मासे न्यायच्या पिंपात पाणी त्याच तळ्याचं, पण वरचं, गढूळ नसलेलं. नळयोजनेचं पाणी नको, त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. बोअरचं पाणीही थेट नको, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. ते आदल्या दिवशी टाकीत भरून रात्रभर उंचावरून पाडत ठेवावं लागतं. 200 लिटरच्या पिंपात 1 किलो खडे मीठ टाका, माशाचा ताण कमी होतो. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला असेल तर त्यात जास्तीत जास्त 15 ते 20 किलो मासे, तेही तासाभराच्या अंतरासाठी. पंप नसेल तर निम्मे, आणि अर्ध्या तासाच्या आत पोचायचं. थंडाव्यासाठी बर्फाचा चुरा पाण्यात टाकू नका. पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या सोडा आणि गरज पडेल तशा काढून घ्या.

पोचल्यावर घाई नको. नव्या पाण्याचं आणि पिंपातल्या पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांहून जास्त वेगळं असेल तर मासा धक्क्यानेच जातो. मगाने नवं पाणी पिंपात थोडं थोडं ओतत वीस मिनिटं काढायची, मग पिंप आडवं करायचं आणि मासा आपण होऊन बाहेर पडू द्यायचा.

इथे बरेच जण हिशोब चुकतात. 30 बाय 30 मीटरचं तीन मीटर खोल शेततळं काठोकाठ भरलं की जवळपास 22 लाख लिटर पाणी धरतं. हवा देणारं यंत्र नसेल तर हेक्टरी दोन-अडीच टन कार्प (कटला, रोहू, मृगळ) माशांच्या पलीकडे पाणी तोलत नाही. म्हणजे 900 चौरस मीटरच्या भरलेल्या शेततळ्यात 200 किलो. मे महिन्यात ते अर्धंसुद्धा भरलेलं नसतं, तेव्हा शंभर किलोवर थांबा. तुमच्या तळ्यात चार टन मासे असतील तर सगळे वाचवणं शक्य नाही, आणि तसा आव आणू नये. सव्वा किलोच्या वरचे विकायला काढा, लहान आणि मध्यम हलवा. सगळा माल एकाच सकाळी लातूर किंवा नांदेडच्या बाजारात नेला की भाव पडणार. तीन-चार सकाळी विभागून काढा. विकायचा मासा पकडल्याबरोबर बर्फात घाला, किलोला किलो बर्फ, उन्हात ठेवून मग नव्हे.

सगळेच मासे पुढच्या तळ्यात सोडण्यासारखे नसतात. तिलापिया सोडू नका. तो भराभर वाढतो आणि पुढच्या वर्षी गावठी माशांना जागा उरत नाही. थाई मांगूर निघाला तर कुणाला देऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे. कासव हाताला लागलं तर मात्र गाजावाजा करायची गरज नाही. ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. ओल्या पोत्यात गुंडाळून जवळच्या पाणी टिकणाऱ्या तळ्यात सोडायचं, आणि कोणी विकत मागितलं तर नाही म्हणायचं.

मेलेले मासे काठावर टाकून जाण्याची फार वाईट सवय आहे. विहिरीपासून आणि पाणवठ्यापासून दूर खड्डा घ्या, चुना टाका, पुरून टाका. कुत्री आणि घारी उकरू नयेत म्हणून दोन फूट माती वर पाहिजे. प्लास्टिकच्या शेततळ्यात उतरायचं असेल तर कमरेला दोर बांधूनच, दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. तळाचा प्लास्टिकचा कागद ओला असला की चढता येत नाही.

पाणी निघून गेल्यावर तळं रिकामं झालं असं वाटतं, पण मरळ हवेतूनही श्वास घेते. ती गाळात घुसून बरेच दिवस जगते, आणि वांबही तशीच. जेसीबीचालकाला सांगा, पहिले दहा-पंधरा बकेट गाळ ढीग न करता सपाट पसरून टाक, आणि दोन माणसं बादली घेऊन उभी करा.