कराचा अंदाज काढायला बसण्याआधी

नोकरी न करता स्वतंत्र काम करत असाल, तर वर्षाच्या कराचा अंदाज काढून तो स्वतःच हप्त्यांनी भरावा लागतो. त्यासाठी सगळ्यात आधी बँकेचं स्टेटमेंट समोर घ्या आणि वर्षाच्या पहिल्या दिवसापासून कामाचे जे पैसे जमा झाले ते तारखेनिशी उतरवून काढा. शेजारी पाठवलेली बिलं ठेवा. ग्राहकाने कर कापून पैसे दिले असतील तर उत्पन्नात बिलाची पूर्ण रक्कम धरायची; कापलेला कर शेवटी, देय करातून वजा होतो. इथे फार जणांची गल्लत होते. बिलावर लावलेला जीएसटी किंवा व्हॅट मात्र उत्पन्नात धरू नका, तो पैसा तुमचा नाहीच.

मग खर्चाच्या पावत्या: सॉफ्टवेअर, इंटरनेट, कामासाठीचा प्रवास. फोन घरचाही आणि कामाचाही असेल तर कामाचा वाटा किती आणि तो कसा ठरवला, हे आजच एका ओळीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी विचारणा झाली तर ते आठवणार नाही.

गेल्या वर्षीचं विवरणपत्र हवंच, पण त्याचा उपयोग देशागणिक वेगळा. अमेरिकेत गेल्या वर्षीच्या कराइतकी रक्कम (गेल्या वर्षीचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर त्या कराच्या ११० टक्के) वेळेवर हप्त्यांनी भरली, तर यंदा कमाई कितीही वाढली तरी कमी भरल्याचा दंड लागत नाही. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी आणि ३१ जुलैचा हप्ता साधारणपणे गेल्या वर्षीच्या कराच्या निम्मा असतो. भारतात असा आधार नाही, यंदाचाच अंदाज लागतो: १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. प्रिझम्प्टिव्ह योजनेत (खर्चाचा हिशेब न मांडता जमेचा ठरावीक टक्का उत्पन्न धरायचा, अशी योजना) असाल तर मार्चचा एकच हप्ता. म्हणून नोव्हेंबरात मोठं काम हाती आलं की जूनचा अंदाज बाजूला ठेवून गणित नव्याने मांडायचं. पुढच्या महिन्यांची कमाई धरताना मी फक्त पक्की झालेली कामंच धरते. बोलणी चालू असलेली कामं वेगळ्या कागदावर.

नोकरी सोडून नुकतेच स्वतंत्र झाला असाल तर आयकराखेरीज सामाजिक सुरक्षेचा भरणाही विसरू नका. अमेरिकेत तो १५.३ टक्के आहे. नोकरीत असताना त्यातला निम्मा मालक भरत होता, आता सगळा तुमच्यावर. पहिल्या वर्षी जीव दडपतो तो याच आकड्याने, आणि तेव्हा धीर द्यायलाही कोणी नसतं.

पैसे आले त्याच दिवशी कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाका, महिनाअखेरीची वाट पाहू नका. हप्त्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहिताना मधलं अंतरही बघा. अमेरिकेत १५ एप्रिलनंतरचा हप्ता दोनच महिन्यांनी, १५ जूनला येतो, मग १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. तेव्हा एप्रिलचा हप्ता भरला त्याच आठवड्यापासून जूनचे पैसे बाजूला पडायला हवेत.